उघडी छत्री

त्रियोले गावच्या त्या बाईचं नाव मला आजही ठाऊक नाही, पण तिच्या छत्रीपुढे मी आजवर मनातल्या मनात कितीदा वाकलो असेन! आमच्या उसाच्या मळ्यात रिवाजच होता. ऊन असो की पाऊस, साहेबाच्या बंगल्यावरून जाताना मजुराने छत्री मिटायची. न मिटणाऱ्याची मळ्यातली खोली जायची.

स्वातंत्र्याच्या काही वर्षं आधी मॉरिशसमध्ये प्रत्येक सज्ञान माणसाला मताचा हक्क मिळाला. पहिल्याच मतदानाच्या रांगेत ती उभी, डोक्यावर काळी छत्री उघडी. तिच्यामागे कोण? उन्हाने लालबुंद झालेला साक्षात मळ्याचा साहेब! आणि त्याच्यामागे मी.

साहेब खाकरला.

"मावशे, मीट ती! खोली जाईल," मी कुजबुजलो.

तिने वळून छत्री साहेबाच्या डोक्यावर तिरकी धरली. "या मिस्ये, सावलीत या. आज तुमचं बी एकच मत, माझं बी एकच."

साहेबाने इकडेतिकडे पाहिलं. आणि सावलीत आला!

तिच्या परतीच्या वाटेवरच तो बंगला होता. आम्ही सारे रांगेतून माना उंचावून बघत राहिलो. फाटक आलं. तिने छत्री मिटली नाही. उलट चालता चालता तिला एक झकास गिरकी दिली.