खणायचं परमिट

कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत मी जेसीबी चालवतो. इथे परमिटशिवाय वीतभर जमीनही खणता येत नाही, आणि ते परमिट तपासायला पूर्वी साठीला टेकलेले एक गृहस्थ यायचे. रत्नागिरीकडचे मुसलमान, एवढंच माहीत. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. बाहीने चष्मा पुसून ते ओळन् ओळ बोट ठेवून वाचायचे आणि मी वर केबिनमध्ये मनातल्या मनात शिव्या घालायचो.

एका सकाळी कागद चोख होता, नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. तरी चाचांनी हात वर करून मला थांबवलं.

"सायबाची सही आहे, चाचा!" मी ओरडलो.

"सायबानं केलीन रे सही. जमिनीनं कुठं केलीन?"

मग ते स्वतःच फावडं घेऊन खणू लागले. हातभर खाली धोक्याची पिवळी पट्टी दिसली, आणि तिच्याखाली विजेची जाडजूड केबल. मी इंजिन बंद करून खाली उतरलो. चाचा मात्र चष्मा पुसत होते.

पुढे ते सुट्टीवर गावी गेले, ते परतलेच नाहीत. नाव विचारायचं राहून गेलं. आता उशीर होतो म्हणून फोरमन माझ्यावर खेकसतो. खेकसू दे. बकेट टाकण्याआधी मी खाली उतरतो, फावडं घेतो आणि आधी जमिनीची सही घेतो.