शेणाला झालेला विटाळ

माझ्या हातच्या कुंड्यांवर वहिनींनी गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर. कुंड्या शेणाच्याच होत्या.

गंगापूर रोडच्या पुढची ती नर्सरी. वहिनी म्हणजे मालकीण. आई तिथल्या गोठ्यातलं शेण काढायची. बारावीनंतर मी कुंड्यांच्या कामाला लागले. वाळलेलं शेण कुटायचं, चाळायचं, भिजवून मळायचं, साच्यात दाबायचं, उन्हात ठेवायचं. मग त्या कुंडीत माती भरून टोमॅटोचं, मिरचीचं बी टोकायचं. रोप वाढलं की कुंडीसकट जमिनीत. कुंडी मातीत विरून जाते, मूळ दुखावत नाही. शहरातल्या लोकांना याचं फार कौतुक.

त्या संक्रांतीला एका सोसायटीतल्या बाई हळदीकुंकवाचं वाण म्हणून रोपं न्यायला आल्या. प्लास्टिकचे डबे नकोत, यंदा पर्यावरण. त्यांनी एक कुंडी उचलली, वास घेतला, खूश झाल्या. मग कोपरापर्यंत माखलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं.

"हिनेच केल्या का सगळ्या? कुठली गं तू?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी कुंडी खाली ठेवली. हळूच. मग बोटं रुमालाला पुसली. इतका वेळ शेण हातात होतं, तेव्हा पुसावीशी वाटली नव्हती.

"वाण आहे हो ताई. सगळ्याजणी देवापुढे ठेवणार."

"काळजीच करू नका. शुद्ध करूनच देते ना," वहिनी म्हणाल्या.

घरातून तांब्या आणला. आंब्याच्या पानांनी शिंपडत रोपांच्या ओळीतून फिरल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "बाजूला हो जरा. आता परत हात नको लावूस."

गाईच्या पोटातून पडलेलं शेण पवित्र. माझ्या हातातून गेलं की बाटलं.

जयंतीच्या पत्रकांवर बोट फिरवून मी अक्षरं शिकले. बाबा पत्रकं वाटायचे, उरलेली मी घरात मोठ्याने वाचायची. त्यातलं एक वाक्य त्या दिवशी तोंडातून फुटलं नाही. आई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. तिने नुसती मान हलवली. नको.

दुसऱ्या दिवशी रोपं करपली. पाणी न घातलेलं निरं गोमूत्र, वर दुपारचं ऊन. कोवळी पानं कडेने तांबडी पडून मुरगळली. वहिनी फोनवर त्या बाईंना सांगत होत्या, "अहो, पोरीने पाणी द्यायला उशीर केला. या लोकांना कितीही शिकवा."

फोन ठेवून ओरडल्या, "शांते, तुझ्या पोरीला सांग! नव्या कुंड्या काढा, ट्रेमधली रोपं लावा त्यात. संध्याकाळी मी परत शिंपडते."

शांता माझी आई. वहिनी तिच्या लेकीच्या वयाच्या.

"मी लावणार नाही," मी म्हणाले.

"काय?"

मी मळलेल्या शेणाचं घमेलं त्यांच्या पायाशी सरकवलं. "शुद्ध हात तुमचे आहेत. तुम्हीच घाला."

"माज आलाय! शिकवलं की हे असं होतं."

"गप ऱ्हा बाई," आई पुटपुटली. "दोघींचं काम जाईन."

गेलं. दोघींचं.

वाण वेळेवर पोचलं म्हणे. आमच्याच वस्तीतल्या दुसऱ्या मुलीने रोपं लावली. तिच्याही कुंड्यांवर शिंपडलं. तिने मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला ते हसू अजून सहन होत नाही.

आई आता दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढते. अधूनमधून म्हणते, "लय बोललीस तू." मी तिला म्हणते, उशिरा बोलले.

कुंड्या मी घरामागे करते, त्यात मिरचीची रोपं लावते आणि बाजारात मांडून बसते. कोणी कुंडी उचलून वाखाणायला लागलं की मी आधी आडनाव सांगते, वस्ती सांगते. भाव नंतर. काहीजण कुंडी ठेवून निघून जातात. जाऊ देत. ज्याला माझ्या हातचं शेण बाटलेलं वाटतं, त्याच्या ताटात माझ्या हातची मिरची पडणार नाही.