वाटे पाडणाऱ्या वकीलबाई

इंगळे वकीलबाईंकडे अपघाताचा माणूस गेला, की त्या आधी अपघाताबद्दल काही विचारतच नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "दवाखान्यात सरकारी कार्ड चाललं का?" माझा धाकटा भाऊ रमेश कुबड्यांवर त्यांच्या बुलढाण्याच्या ऑफिसात शिरला, तेव्हाही हाच प्रश्न आला. धाड गावच्या रस्त्यावर जीपने त्याला उडवलं होतं आणि उजवा पाय मांडीपासून गेला होता. मी शाळेत शिकवते, रजा टाकून त्याच्यासोबत गेले होते. मला बाईंचा रागच आला. माणूस पाय गमावून आलाय, आणि ही बाई कार्डाचं विचारते!

"हाव, कार्डावरच झालं आपरेशन," रमेश म्हणाला.

"मंग आताच आयकून घे. दवाखान्याले पैसे सरकारनं देले. तुले भरपाई भेटली, का सरकार ते वापस मागते. तशी अटच हाये. म्हणून ढीग घ्यायचा नाई, वाटे पाडायचे."

बाजारात बाया गोणपाटावर मिरच्या-वांग्यांचे वाटे मांडून बसतात, तशी त्या भरपाई मांडायच्या. उपचाराचा वाटा वेगळा, बुडालेल्या कमाईचा वेगळा, सोसलेल्या दुखण्याचा वेगळा, नव्या पायाचा वेगळा. निकालात असं लिहिलेलं असलं की सरकार उपचाराच्या वाट्यापुरतंच मागू शकतं, बाकीच्याला हात लावू शकत नाही. विमा कंपनीच्या वकिलांना ही कटकट नकोशी असायची. एकदा त्यांच्यातल्या एकाने चहा मागवून गोड बोलायला सुरुवात केली. बाईंनी चहा पिऊन घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "झाला चहा. आता वाटे पाडा."

तोंडाने फटकळ, पण रमेशच्या पायासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. आमची पिठाची गिरणी आहे. दळण टाकायला ओट्यावर चढावं लागतं, त्यासाठी गुडघ्यात वाकणारा पाय हवा. फुकट मिळालेला नकली पाय काठीसारखा ताठ होता. बाई स्वतः गिरणीत आल्या, ओटा बघितला, रमेशला चढून दाखवायला लावलं. तो पडता पडता वाचला. "वाकणारा पाय घेतल्याशिवाय मी सोडत नाई या कंपनीवाल्यायले," त्या मला म्हणाल्या. मी विश्वास ठेवला.

तडजोडीसाठी लोकअदालतीची तारीख लागली. टेबलामागे निवृत्त न्यायाधीश होते, बाईंना कायदा शिकवलेले त्यांचे सर. बाईंनी भर कोर्टात वाकून त्यांच्या पायाला हात लावला. कंपनीचा वकील म्हणाला, उपचार सरकारी खर्चाने झाला, त्याचा पैसा आम्ही धरलेला नाही, बाकीचं सगळं मिळून एवढं. रक्कम वाईट नव्हती, वाकणारा पाय सहज आला असता. बाई म्हणाल्या, "सर, तेवढे वाटे लिहून घेऊ." सर हसले. "इंगळे, अजून तशीच हट्टी आहेस. अगं, मी बसलोय ना इथे?"

आणि जन्मभर कोणाला न ऐकणारी ही बाई गप्प बसली. एकच आकडा लिहिला गेला. रमेशच्या हातात गुलाबाचं फूल दिलं, सरांसोबत फोटो काढला.

पैसे सुटण्याआधीच त्या सरकारी कार्डाच्या योजनेच्या कार्यालयाने उपचाराचा सगळा खर्च त्यातून मागितला. त्यात उपचाराचा पैसाच नव्हता, पण तसं लिहिलेलं कुठे होतं? बाई त्या कार्यालयात भांडल्या, कोर्टात भांडल्या. लोकअदालतीच्या निकालावर अपील नसतं. शेवटी त्या सरांच्या घरी गेल्या, तोंडी काय ठरलं होतं एवढं लिहून द्या म्हणून. सर म्हणाले, "झालं ते झालं. आता मला कशाला यात ओढतेस?"

हे सांगायला त्या आमच्या घरी आल्या. पाण्याला हात लावला नाही. "मास्तरीणबाई, कोनाच्या बापाले भेली नाई मी. सरायच्या समोर मातर तोंडच उघडलं नाई." मला त्यांची कीव आली नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. सगळ्यांना शिकवलेली गोष्ट त्या आमच्याच वेळी विसरल्या असत्या, तर मी माफ केलं असतं. त्या विसरल्या नव्हत्या. उपचाराचा खर्च कापून उरलेल्या पैशात वाकणारा पाय आला नाही. गिरणीत आता गडी ठेवलाय, आणि रमेश दारात खुर्चीवर बसून दळणाचे डबे मोजून घेतो.

पुढे बाई काविळीने गेल्या. कोर्टात शोकसभा झाली. रमेश म्हणाला, जायला पायजे, म्हणून गेलो. ताठ पाय त्याने खुर्च्यांमधल्या वाटेत लांब केला होता, लोक तो ओलांडून पुढे जात होते. सर बोलायला उभे राहिले. आवाज खरंच भरून आला होता त्यांचा. "इंगळे साऱ्या जगाशी भांडली," ते म्हणाले, "पण थोरामोठ्यांचा मान तिने कधी मोडला नाही."

रमेशने माझ्या खांद्याला धरलं आणि उठला.

"चाल ताई. खरं बोलून राह्यले सर. बाईनं मान राखला त्याईचा. माहा पाय देऊन राखला."