बेबी मोठी झाली

मला वयाने मोठी आहे म्हणून खो-खोच्या मैदानाबाहेर काढलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. चौथीत होते, दुधाचे काही दात अजून पडायचे होते आणि वेणी आई घालून द्यायची. पण पंचांपुढे कुणाचं काय चालतं!

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. पप्पा राखोलीच्या एका सूत कारखान्यात सुपरवायझर, म्हणून सिल्वासात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. शेजारच्या खोलीत घरमालकीण जसुबेन. मी एकुलती एक, त्यामुळे नाव बेबी. (शाळेत दुसरं नाव घातलं होतं. ते कुणी कधी वापरलं नाही, शाळेनेसुद्धा.)

ही बेबी सातव्या वर्षापासून अशी काही वाढायला लागली की दिवाळीला शिवलेला फ्रॉक होळीला आखूड! पप्पा खूश. "माझ्या घराण्यावर गेली!" (पप्पांच्या घराण्यात माळ्यावरचा डबा काढायला सगळ्यांनाच स्टूल लागतं, पण असू दे.) मग कपाळावर मुरमं आली. मग अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास यायला लागला. आई म्हणाली, "ही आंघोळ करते की नुसतं पाणी सांडते?" आणि स्वतः डाळीचं पीठ घेऊन मला घासायला बसली. एकदा मी सांगितलं, "आई, छातीत दुखतंय, हात लागला की दुखतं." पप्पा आतून ओरडले, "गॅस असेल, ओवा दे!"

दिला ना ओवा! मूठभर!

निदान केलं शेवटी जसुबेननी. पापड वाळत घालता घालता त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "गरमी छे." झालं! त्या दिवसापासून अंडी बंद, आंबा बंद, गूळ बंद. सकाळी सब्जाचं पाणी, रात्री गुलकंद. मला एवढं थंड केलं की सर्दी हटेना, आणि मुरमं जिथल्या तिथे. अशा गोष्टी लिहिताना 'मी आईला दोष देत नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी देते. पप्पांना जरा जास्त देते.

एवढ्या सगळ्यात मला सुख एकच होतं, खो-खो. उंची होती, हात लांब होते, पळत होते. समोरचीला वाटायचं आपण सुटलो, तोवर माझा हात तिच्या पाठीवर! आमच्या बाईंनी मला चौथीच्या संघात घेतलं आणि दादऱ्याच्या शाळेशी सामना ठरला. मी झोपेतसुद्धा 'खो' द्यायचे. त्या सामन्यासाठी मी आयुष्यभर गुलकंद खायला तयार होते.

आणि सामन्याच्या आधीच्या रविवारी सकाळी चड्डीला रक्त दिसलं.

मला वाटलं, सरावात पडले तेव्हा आत काहीतरी फाटलं आणि आता मी मरणार. मी मोरीतून हाक मारली. आई आली, पाहिलं आणि तिथेच ओल्यात मटकन बसली.

"अगं बाई! आत्ताच?"

"काय आत्ताच? आई, मी मरणार का?"

"मरत नाहीस. मोठी झालीस."

"किती?"

"काय किती?"

"किती मोठी?"

"गप्प बस! आणि हे बघ, कुणाला सांगायचं नाही. रक्ताचं तर अक्षर काढायचं नाही तोंडातून. कळलं?"

एवढंच! माझं सगळं शिक्षण हे. त्यात जुन्या साडीच्या घड्या कशा घ्यायच्या ते दाखवलं, ती प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेर जाऊन तिने पप्पांना सांगितलं, "अहो, बेबी मोठी झाली."

"होऊ दे की, चांगलंच आहे."

मग आई कुजबुजली. पप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या दिवसापासून त्यांनी मला स्कूटरवर पुढे उभं करणं बंद केलं, डोक्यावर टपली मारणं बंद केलं. मला वाटलं, मी काहीतरी केलंय. काय केलं ते मात्र कुणी सांगेना, आणि विचारायची सोय नव्हती. फार एकटं वाटलं मला तेव्हा. आजही आठवलं की संताप येतो.

सामन्याला पाठवायचा आईचा मुळीच विचार नव्हता. पण बाई घरी आल्या. "वहिनी, बेबीला का पाठवत नाही?" आता खरं कारण तर सांगायचं नाही. आई म्हणाली, "ताप आहे तिला." मी आतून ओरडले, "नाहीये!" आई म्हणाली, "पाय मुरगळलाय." मी उड्या मारत बाहेर आले. बाई हसल्या आणि मला घेऊन गेल्या. आईचे डोळे असे काही झाले होते की मी मागे वळून पाहिलंच नाही.

मैदान भरलेलं. आमच्याकडच्या कारखान्यातल्या बायका, पोरं, दोन-चार बाप. मी सुटले! एकीला, दुसरीला, खांबाला वळसा घालून तिसरीला! दादऱ्याचे मास्तर उठून उभे राहिले. "आ छोकरी चोथीमां नथी भणती!" म्हणजे ही पोर चौथीतली नाहीच म्हणे! पंचही गुजरातीच. त्यांनी शिटी वाजवली आणि मला बोलावलं.

"तू मोटी छे?"

हिंदीत मोटी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी रागाने म्हटलं, "मैं मोटी नहीं हूँ! ये तो हड्डी है!"

"अरे, मोटी, मोटी! उंमरमां मोटी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गुजराती माणूस मला मराठीतलं विचारतोय! आणि खोटं बोलायचं नाही ही तर बाईंची शिकवण.

"अच्छा, मोठी! हो सर, झाले ना. रविवारीच झाले! आई म्हणाली, बेबी मोठी झाली."

ज्या बायकांना मराठी कळत होतं त्यांचे पदर तोंडाला गेले. पंचांना मराठी कळत नव्हतं, त्यांना तेवढा एकच शब्द कळला. "जुओ! पोते कबूल करे छे!" बघा, स्वतःच कबूल करतेय!

आता गंमत बघा. बाईंना सगळं कळलं होतं. ही पोर नऊच वर्षांची आहे, हिचं अंग घाईत आहे एवढंच, असं एका वाक्यात सांगितलं असतं तर मी खेळले असते. बाईंनी तोंड उघडलं. समोर पुरुष पाहिले. तोंड मिटलं. परत उघडलं, "सर, ती तशी मोठी नाही..." पंच म्हणाले, "तो केवी मोटी छे?" मग कशी मोठी आहे? बाईंचा चेहरा लालेलाल! त्या गप्प. मैदानातल्या सगळ्या शहाण्या बायका गप्प. आम्ही वय चोरलं म्हणून संघ बाद झाला, आणि मैदानात भोकाड पसरून रडत होती ती एकटी 'मोठी' बाई!

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आईने पाठीत धपाटा घातला. "सांगू नकोस म्हटलं होतं ना!"

"रक्ताचं नाही सांगितलं! फक्त मोठी झाले एवढंच सांगितलं!"

आईचा हात वरच राहिला. मग तीच रडायला लागली. पण खो-खो बंद झालं ते झालंच. मैत्रिणींच्या आयांनी त्यांना माझ्याकडे पाठवणं बंद केलं, माझं मोठेपण सांसर्गिक असल्यासारखं. वर्गात माझं नाव 'मोटी' पडलं, तिन्ही भाषांत.

बाईंनी आईचा पिच्छा पुरवला म्हणून काही महिन्यांनी आम्ही वापीला लेडी डॉक्टरकडे गेलो. आईने सांगितलं, "उष्णता आहे हिला." डॉक्टरीण चष्म्यावरून बघत म्हणाली, "उष्णता नाही हो! आठ वर्षांच्या आत मुलीचं अंग बदलायला लागलं, उंची झपाट्याने वाढली, घामाला वास यायला लागला, तर डॉक्टरला दाखवायचं असतं. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. पण कधी कधी असतं, आणि ते सब्जाच्या पाण्याने कळत नाही. आणि मुलीला आधी सांगायचं! अंग मोठं झालं तरी ती नऊ वर्षांचीच आहे ना?"

मला पहिल्यांदाच कुणीतरी नऊ वर्षांची म्हणालं होतं! मला तिला मिठी मारावीशी वाटली.

पप्पा दारात उभे होते, पंख्याकडे बघत. म्हणाले, "पण उंची मात्र छान वाढतेय."

"आत्ता वाढतेय. अशा मुली लवकर वाढतात आणि लवकर थांबतात. दोन वर्षं आधी आणली असती तर काहीतरी विचार तरी करता आला असता."

परतताना बस स्टँडवर पप्पांनी मला भजी घेऊन दिली. आईने ती उष्ण असतात म्हणून काढून घेतली!

डॉक्टरीण बोलली तसंच झालं. बाकीच्या पोरी वाढत राहिल्या, मी सहावीत जिथे थांबले तिथे थांबले. आईला खो-खोसाठी विनवण्या करता करता नववी आली. शेवटी एकदाची ती म्हणाली, "जा बाई, खेळ!" मी जुना पांढरा रुमाल डोक्याला बांधून मोठ्या मुलींच्या निवडीला मैदानात गेले. नवीन सरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. (फार वेळ लागला नाही.) म्हणाले, "बेटा, चौथीच्या मुलींची निवड तिकडे आहे."

गेले मी तिकडे. आणि सांगायला आनंद वाटतो, त्या रांगेत मीच सगळ्यांत उंच होते!