अडायला लागलं की

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "मोतीबिंदू आहे, पण घाई नाही. अडायला लागलं की या."

माझं काही अडत नव्हतं. वाचन सुटलं, संध्याकाळी बाहेर पडणं सुटलं, तरी दिवस बरे चालले होते.

काल मंडईत माझी मैत्रीण शालिनी जवळ येऊन म्हणाली, "रागावलीस का गं माझ्यावर? परवा एवढा हात केला, तर बघून न बघितल्यासारखं केलंस."

मी तिला पाहिलंच नव्हतं. आताही चेहरा धूसर होता. ती दुखावली आहे हे आवाजावरून कळलं. दिसत मला नव्हतं आणि एकटी ती पडली होती.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "शालू, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्यासोबत येशील?"