झाकणाच्या आतली दोन अक्षरं

नेलिदा सारातेला दोन गोष्टी कधी विसरता आल्या नाहीत: कुणाचा वाढदिवस आणि कुणी केलेला अपमान. वाढदिवसाला ती केक पाठवायची. अपमानाच्या परतफेडीला वेळ लागायचा, पण तीही घरपोच व्हायची.

तशी बाई साधी. हुनीन गावच्या रेल्वे वसाहतीमागे दोन खोल्यांचं घर, मागे हातभर अंगण, अंगणात लिंबाचं झाड. चाळीस वर्षं तिनं लोकांचे गणवेश शिवले. नवरा आन्सेल्मो रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. वर्कशॉप बंद पडलं त्या वर्षी त्यानं दोनशे लिटरचं एक रिकामं पिंप घरी आणलं, उभं चिरलं, बिजागऱ्या लावून वरच्या अर्ध्याचं झाकण केलं, खाली पाय आणि दोन चाकं जोडली, आत जाड सळयांची जाळी बसवली. आमच्याकडे याला चुलेंगो म्हणतात आणि अर्ध्या गावाच्या अंगणात असा एक असतोच. पण आन्सेल्मोच्या पिंपात एक गोष्ट जास्तीची होती. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यानं वेल्डिंगनं दोन अक्षरं उठवली होती, एक त्याच्या नावाचं, एक तिच्या.

"बाहेरून का नाही काढलीस?" तिनं विचारलं होतं.

"बाहेर पावसानं गंजतील. आत दर रविवारी चरबी लागेल. टिकतील."

आन्सेल्मो काही फार बोलणारा गडी नव्हता. आयुष्यात त्यानं बायकोला लिहिलेलं पत्र म्हणाल तर हेच.

तो गेला. माती देऊन आठ दिवस झाले नव्हते तोच धाकटा दीर ओस्वाल्दो दारात हजर. तो राहायचा मागच्या भिंतीपलीकडेच. बरोबर गाडी आणि दोन मित्र.

"वहिनी, पिंप नेतो गं. तुझ्याकडे पडून गंजायचं."

"राहू दे. मी वापरीन."

ओस्वाल्दो हसला. मित्रांकडे बघून हसला, ते जास्त वाईट. "बाईमाणसाला आगीतलं काय कळतं? तू सॅलड बघ."

रडून रडून अंगातलं बळ गेलेलं, ती दारातून बाजूला झाली. पिंप गेलं. मग सुरू झाले ओस्वाल्दोचे रविवार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वीस-पंचवीस माणसं जमायची, हा पोट पुढे काढून चिमटा हातात घेऊन उभा, आणि नेलिदा आत ओट्यापाशी बटाटे सोलत. मांस पानात पडलं की कुणीतरी ओरडायचं, "टाळ्या, भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" हा आमचा रिवाज. ज्यानं खाल्लं त्यानं टाळी वाजवायची, मग मांस चामड्यासारखं का असेना. ओस्वाल्दोचं बहुतेक वेळा तसंच असायचं. मान झुकवून तो टाळ्या घ्यायचा आणि नेलिदाही सॅलडचे हात पुसून टाळी वाजवायची.

तेही तिनं गिळलं असतं. पण एका रविवारी ओस्वाल्दोच्या खेळाच्या क्लबातल्या कुणीतरी झाकणावर थाप मारून विचारलं, "झकास आहे रे. कोणी बनवलं?" आणि ओस्वाल्दो सहज म्हणाला, "कोण बनवणार? मीच."

हातात सॅलडचं भांडं घेऊन नेलिदा दारातच उभी होती. भांडं तिनं टेबलावर ठेवलं, घरी गेली आणि त्या दिवशी मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. पिंप परत आणायचं. आणि हे पिंप कोणाचं, ते ओस्वाल्दोच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं. मागून मिळणार नव्हतं. मग मिळवायचं कसं? तर आधी आग शिकायची.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. दुकानाच्या पोरसवदा मालकानं तिला चकचकीत लाल, पत्र्याची, घडी होणारी शेगडी दाखवली.

"ही घ्या सेन्योरा. हलकी आहे. बायकांना बरी."

नेलिदानं पत्र्यावर टिचकी मारली. खुळखुळ्यासारखा आवाज आला. "हिच्यात दोनदा निखारे घातले की तळ वाकेल. तिकडची ती काळी दाखव."

"ती जड आहे."

"मला डोक्यावर घेऊन मिरवायची नाही."

काळी शेगडी जाड लोखंडाची होती. बाजूला कोळसा पेटवायची वेगळी टोपली, हँडल फिरवलं की जाळी वर-खाली. जाळीच्या सळया पन्हळीसारख्या खोलगट, चरबी निखाऱ्यावर न पडता पुढच्या पन्हळात जाईल अशा. नेलिदानं हँडल दहा वेळा फिरवलं, मध्येच सोडून बघितलं, जाळी घसरली नाही. तीच घेतली.

ओस्वाल्दो मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी क्लबात मोठ्या गोळ्यांचा डाव टाकायला जायचा. तेवढे दोन दिवस नेलिदाच्या अंगणातून धूर निघायचा. पहिल्या गुरुवारी सॉसेजं बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची निघाली. तिनं कुत्र्याला घातली, कुत्र्यानंही विचार करून खाल्ली. मग ती बासिलियो खाटकाकडे गेली.

"सॉसेज परत?" बासिलियोनं विचारलं. "नेलिदा, तू एकटी एवढं खातेस कुठं?"

"खात नाही, जाळते. तू सांग मला, काय चुकतंय?"

बासिलियोनं सुरी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. गावातल्या खाटकाला कुणाच्या घरात काय शिजतंय ते सगळं ठाऊक असतं. "ज्वाळेवर भाजतेस. ज्वाळा बघायला बरी, भाजायला निखारा. कोळसा पांढरा पडू दे. मग जाळीवर तळहात धर. चार आकडे मोजून हात काढावासा वाटला तर सॉसेजची आग, आठ मोजता आले तर बरगड्यांची. आणि रॉकेल ओतू नकोस, मांसाला बसच्या स्टँडचा वास लागतो."

"आन्सेल्मो बाटलीवर पेटवायचा."

"मग तुला माझी गरज काय आहे? तू चौतीस वर्षं त्याच्या शेजारी बसली होतीस."

हे खरं होतं. तिनं घरी जाऊन डोळे मिटले आणि आन्सेल्मोचे हात आठवले. वाइनची रिकामी बाटली उभी करायची, वर्तमानपत्राचे पिळे करून तिच्याभोवती कड्यांसारखे घालायचे, भोवती कोळसा रचायचा, मग बाटली अलगद वर ओढून घ्यायची. मध्ये राहतं ते धुराडं. त्यात एक पेटता कागद टाकला की काम झालं. त्या मंगळवारी कोळसा आपणहून पेटला. नेलिदा निखाऱ्यांसमोर बसून रडली. मग नाक पुसून बरगड्या लावल्या, हाडाची बाजू खाली, आणि दोन तास त्यांना बोट लावलं नाही. आठ महिन्यांनी बासिलियोनं तिच्या हातचा तुकडा खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला.

नोव्हेंबरमध्ये ओस्वाल्दोची साठी आली. चाळीस माणसं, अख्खा क्लब. शुक्रवारी दुपारी नेलिदा कपडे वाळत घालत होती तेव्हा भिंतीपलीकडे कर्रर्र आवाज सुरू झाला. ती फळांच्या खोक्यावर चढली. ओस्वाल्दोनं झाकण उघडून ग्राइंडर लावला होता. ठिणग्या उडत होत्या. साठीसाठी पिंप साफ करताना काजळीखालची अक्षरं उठून दिसायला लागली होती; क्लबच्या लोकांनी ती पाहिली तर विचारतील, म्हणून तो अक्षरं घासत होता. एक अक्षर गेलंच होतं. दुसरं, तिचं, निम्मं उरलं होतं.

तिच्या मनात आलं की कपड्यांची बादली उचलून त्याच्या टाळक्यात घालावी. तिनं भिंत घट्ट धरली. घासून झाल्यावर ओस्वाल्दोनं दाराला मारायचा चंदेरी रंग आणला आणि चमकणारा चट्टा झाकायला झाकणाची सगळी आतली बाजू रंगवून काढली.

आता कुणालाही विचारा, आगीच्या आत रंग लावायचा नसतो. नवं पिंप आणलं तर आधी तीन तास रिकामंच तापवायचं, जुना रंग, तेल सगळं जळून जाईपर्यंत. आन्सेल्मोनं तसंच केलं होतं. नेलिदाला ते माहीत होतं. आणि सांगते, तिचा संताप डोक्यात असतानासुद्धा तिला चाळीस माणसांची पोटं आठवली. तिनं तोंड उघडलं.

"ओस्वाल्दो, आतून रंग लावलास. तो तापला की..."

त्यानं ब्रश हलवत वर पाहिलं. "वहिनी! चोरून बघतेस? अगं, बाईमाणसाला आगीतलं काय कळतं? तू सॅलड बघ."

नेलिदानं तोंड मिटलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि खोक्यावरून उतरली. मिठाची गुळणी धरावी तशी ती दोन दिवस गप्प राहिली. फक्त शनिवारी सकाळी बासिलियोकडे जाऊन चाळीस माणसांपुरतं मांस सांगून आली.

"चाळीस?" बासिलियो म्हणाला. "ओस्वाल्दोनं त्याचं नेलंय की."

"त्याचं त्याला लखलाभ."

रविवारी दहा वाजता तिनं बटाटा-अंड्याच्या सॅलडची तीन मोठी भांडी पलीकडे पोचती केली. जाऊबाई इर्मा दारात भेटली. "डोकं दुखतंय गं," नेलिदा म्हणाली. "दोनला येते." घरी आली, दुकानातून आणलेली शेगडी लिंबाखाली ओढली, बाटली उभी केली. भिंतीपलीकडे ओस्वाल्दोनं रॉकेल ओतलं आणि भक्कन जाळ झाला. माणसांनी वाहवा केली. इकडे नेलिदा तळहात धरून मोजत होती. सात, आठ. बरगड्या लावल्या.

दीडच्या सुमारास पलीकडून आधी वास आला. जळक्या रंगाचा, घशात बसणारा. मग ओस्वाल्दोचा आवाज, "काही नाही, चरबी आहे, चरबी." मग झाकण उघडल्याचा कर्कश आवाज. आणि मग चाळीस माणसांची शांतता. अशी शांतता ओस्वाल्दोच्या अंगणात आजवर कधी झाली नव्हती.

नेलिदा खोक्यावर चढली. झाकणाच्या आत रंगाला फोड आले होते आणि त्याचे चंदेरी पापुद्रे बरगड्यांवर, सॉसेजांवर, सगळीकडे माशाच्या खवल्यांसारखे पसरले होते. कुणी म्हणालं, "धुऊन घेऊ." कुणी म्हणालं, "ओस्वाल्दो, तूच खा आधी." क्लबचा म्हातारा चिटणीस काठी टेकत म्हणाला, "स्वतःच बनवलंस ना रे हे पिंप? मग आत रंग मारला कुठल्या शहाण्यानं?"

ओस्वाल्दोचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. नेलिदाला आत कुठंतरी गोड गोड वाटलं, आणि ते लपवायचा तिनं काही प्रयत्न केला नाही.

तेवढ्यात वारा फिरला. लिंबाखालचा धूर भिंत ओलांडून गेला आणि चाळीस नाकं एकदम वळली. इर्मा टाचा उंचावून म्हणाली, "नेलिदा? तुझ्याकडे काय आहे?"

"जेवण. या सगळे. ताटं आणा, आणि माझं सॅलडही आणा."

गल्लीला वळसा घालून सगळी वरात आली, ताटं, खुर्च्या, पाव घेऊन. बरगड्या हाडावरून अलगद सुटत होत्या. पहिला घास घेऊन चिटणीस ओरडला, "टाळ्या, भाजणारीसाठी टाळ्या!" त्या हातभर अंगणात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लिंबावरच्या चिमण्या उडाल्या. नेलिदानं मान झुकवली नाही. ती दाराकडे बघत होती.

ओस्वाल्दो तीन वाजता आला. भुकेपुढे कुणाचं चालतं? सुंभ जळला तरी पीळ कायम, तसा हात खिशात घालून कोपऱ्यात उभा राहिला. नेलिदानं झाकून ठेवलेलं ताट काढलं. सगळ्यात चांगला तुकडा तिनं त्याच्यासाठीच राखला होता. त्यानं खाल्ला. हाडसुद्धा चोखलं.

"ओस्वाल्दो," ती म्हणाली. "आपल्यात खाल्लं की काय करतात?"

त्यानं दोन टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या फार विचित्र वाजतात.

"आता सांग. पिंप कोणी बनवलं?"

"वहिनी, आज माझा वाढदिवस..."

"केक आहे आत. आधी सांग."

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. "आन्सेल्मोनं."

"ऐकू नाही आलं," चिटणीस म्हणाला. म्हातारा खरंच बहिरा होता, पण या वेळी नव्हता.

"आन्सेल्मोनं बनवलं! हिच्यासाठी!"

"आणि अक्षरं?"

"मी घासली." हे तो हळूच बोलला, पण ऐकून इर्मानं तोंडावर हात नेला. तिलाही हे माहीत नव्हतं.

सोमवारी भर दुपारी ओस्वाल्दो पिंप ढकलत गल्लीला वळसा घालून आला. एक चाक अडत होतं, सगळी गल्ली दारात उभी होती. नेलिदानं मदत केली नाही. तिनं ते तीन तास रिकामं तापवलं, रंगाचा शेवटचा कण जळेपर्यंत.

आन्सेल्मोबरोबर वर्कशॉपला असलेला एक म्हातारा वेल्डर आपणहून आला. "दोन मिनिटांचं काम आहे, नेलिदा. अक्षरं पुन्हा उठवून देतो."

"नको," ती म्हणाली. "ती अक्षरं आन्सेल्मोची होती. हा चट्टा ओस्वाल्दोचा आहे. राहू दे."

आता रविवार नेलिदाच्या अंगणात होतात. ओस्वाल्दो अकरा वाजता येतो, ओट्यापाशी उभा राहून टोमॅटो चिरतो. "जाड चीर," ती बाहेरून ओरडते, "पाणी सुटतं." आणि दर दोन-तीन रविवारी कुणीतरी नवा पाहुणा असतोच. झाकण उघडलं की तो वाकून बघतो आणि विचारतो, "इथं काय होतं हो? घासल्यासारखं दिसतंय."

नेलिदा वर बघतसुद्धा नाही. चिमट्यानं स्वयंपाकघराकडे दाखवते.

"त्याला विचारा," म्हणते. "तो सांगतो."