अकरा वर्षं बुडालेला टॉर्पेडो

कारखान्यात सगळे तिला रिंगताई म्हणत. पाणबुड्यांचा माग काढणारे, हेलिकॉप्टरमधून टाकायचे हलके टॉर्पेडो तिथे दुरुस्तीला येत. त्यांच्या सांध्यांत पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा बसवणं हे तिचं काम. रिंग अंगठ्यानंच बसवायची, हत्यार लावायचं नाही, ही बाबांची शिकवण. बाबाही इथलेच. परीक्षा देऊन ती त्यांच्याच टेबलावर येऊन बसली, ती काही पोटासाठी नव्हे. तिनं डूख धरला होता.

अकरा वर्षांपूर्वी सरावाचा एक टॉर्पेडो वर आलाच नाही. सरावाच्या टॉर्पेडोत स्फोटकं नसतात, नाकात शिशाची वजनं असतात. धाव संपली की वजनं गळून पडतात आणि तो तरंगत वर येतो. हा बुडाला, तेव्हा तपासनीस साहेबांनी बाबांच्या डोक्यावर खापर फोडलं: रिंग नीट बसवली नाही, पाणी शिरलं. बाबांची नोकरी गेली. दोन वर्षं स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले आणि तेही गेले. साहेबांना बढती मिळाली. हाच देवाचा न्याय असेल, तर एकदा देवाचीही तपासणी व्हायला हवी!

गेल्या महिन्यात गाळ उपसणाऱ्या बोटीला तोच टॉर्पेडो सापडला. उघडायचं काम रिंगताईकडे आलं. निवृत्तीला आठवडा उरलेले साहेबही बघायला आले.

शिंपल्यांचा थर खरवडताना नाकापाशी तिच्या बोटांना एक पोलादी पिन लागली. ने-आण करताना वजनं पडू नयेत म्हणून लावलेली, आणि टॉर्पेडो टाकण्याआधी तपासनिसानं स्वतः काढायची. ती जागच्या जागी होती. मग वजनं सुटणार कशी?

साहेब तिच्या कानाशी आले. "पोरी, ती काढून दे इकडे. झालं गेलं."

"हात लावू नका!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली आणि तिनं सांधा उघडला. "आता घाला आत हात. ओलं लागतंय का सांगा."

साहेबांची पाचावर धारण बसली होती. "कोरडं आहे."

"मोठ्यानं."

"कोरडं आहे!"

दयाबिया तिला काही आली नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं. तिनं टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज येताच रिसीव्हर साहेबांच्या हातात कोंबला.

"आई आहे. आधी तुमचं नाव सांगा, मग हेच तिला सांगा."